बैठक, बघे आणि वाचक

ऑनलाइन लिहू पाहणाऱ्या माणसाला मुख्यतः दोन प्रश्न पडतात: रोज लिहायचं कसं आणि लिहिलेलं वाचणार कोण? तो हे दोन्ही एका दमात विचारतो आणि सल्लागारही एका दमात उत्तर देऊन मोकळे होतात. नियमित लिहीत राहा, वाचक आपोआप येतील. बरीच वर्षं हा उद्योग करून माझं मत वेगळं झालं आहे. लिहिण्याची सवय आणि वाचकांची ओढ या दोघींचं एकमेकींशी तितकंसं पटत नाही. एकीला एकांत लागतो, दुसरीला चारचौघांत यावं लागतं. आणि वाचक मिळू लागले की पहिला घाव बसतो तो सवयीवरच.

आधी सवयीचं बघू, कारण तिच्याबद्दल थापा जास्त. एकवीस दिवसांची थाप तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. तिचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात सापडतं. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला आरशातला नवा चेहरा आपलासा वाटायला किमान एकवीस दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. पुढे लोकांच्या तोंडी फिरता फिरता त्यातलं 'किमान' गळालं, मग चेहरा गळाला, शस्त्रक्रियाही गळाली. उरले एकवीस दिवस, आणि ते लोकांनी पहाटे उठण्यापासून कादंबरी लिहिण्यापर्यंत कशालाही चिकटवले.

त्यापेक्षा मला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम जास्त कामाचं वाटतं. २०१० साली छापून आलेल्या या अभ्यासात ९६ जणांनी आपल्या आवडीची एकेक कृती निवडली आणि ती बारा आठवडे रोज ठरावीक प्रसंगी करायचं ठरवलं. ती कृती विचार न करता होऊ लागायला किती दिवस लागतात, याचं मध्यावरचं उत्तर निघालं ६६. पण खरी गंमत टोकांमध्ये आहे. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाचा आकडा २५४ पर्यंत गेला. बारा आठवड्यांच्या अभ्यासात २५४ दिवस कुठून आले? अर्थातच गणिताने पुढे ताणून. म्हणजे त्या माणसाची सवय अभ्यास संपला तेव्हा लागलेलीच नव्हती! आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. मध्ये एखादा दिवस चुकला तरी फारसं काही बिघडत नाही. साखळी तुटली म्हणून कपाळाला हात लावणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे वाक्य जवळ ठेवायला हरकत नाही.

पण या मंडळींनी निवडलेल्या कृती बघा. दुपारच्या जेवणाबरोबर एखादं फळ, पाण्याची बाटली, रात्रीच्या जेवणाआधी थोडं धावणं. पाणी पिताना आपण मूर्ख तर दिसणार नाही ना, अशी धास्ती कोणाला वाटत नाही. कालचं पाणी आजच्यापेक्षा बरं होतं, असंही कोणी म्हणत नाही. लिहिताना दर वाक्याला हे दोन्ही वाटतं. म्हणून माझा स्वतःचा अनुभव असा की लिहिण्याची सवय लागतच नाही, सवय लागते ती बसण्याची. ठरलेली वेळ झाली की पाय आपोआप त्या खुर्चीकडे वळतात, फोन दुसऱ्या खोलीत जातो, फाइल उघडते. इथवर सगळं सवयीचं. त्यानंतरचं पहिलं वाक्य मात्र रोज नव्याने अवघड असतं आणि ते कितीही वर्षांनी तसंच राहतं. हे एकदा मान्य केलं की बरीच चिडचिड कमी होते. लिहिणं सोपं झालं नाही म्हणजे सवय लागली नाही, असा अर्थ आपण काढत नाही.

बैठक हवी म्हटलं की स्फूर्तीचं काय, असं कोणीतरी विचारतंच. रॉबर्ट बॉइस या मानसशास्त्रज्ञाने १९८३ साली एक छान दुष्ट प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यापीठातल्या शिक्षकांचे त्याने तीन गट पाडले. एकाला सांगितलं, अगदी निकड असल्याशिवाय लिहू नका. दुसऱ्याला सांगितलं, मनात येईल तेव्हा लिहा. तिसऱ्याला मात्र सक्ती होती: ठरलेली पानं झाली नाहीत तर ज्या संस्थेचा तुम्हाला मनापासून तिटकारा आहे तिला देणगी जाणार. तिसऱ्या गटाने जास्त पानं लिहिली यात आश्चर्य नाही. पण नव्या कल्पनाही त्याच गटाला सर्वांत जास्त सुचल्या. मनात येईल तेव्हा लिहिणारे मागे पडले, आणि स्फूर्ती साठवून ठेवायला मिळालेला गट तर अगदीच कोरडा राहिला. मला यात सक्तीपेक्षा वेगळंच काहीतरी दिसतं. उद्या आपल्याला बसायचंच आहे हे पक्कं ठाऊक असलं की दिवसभर डोकं गुपचूप सामान गोळा करत राहतं. कोणाचं तरी अर्धं वाक्य, बसमध्ये ऐकलेलं भांडण, वाचताना खटकलेला एखादा दावा. बसायचं नसेल तर हे सगळं कानावरून वाहून जातं.

मोजण्याची हौसही बैठकीतच भागवून घ्यावी. व्हिक्टोरियन काळातला इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलॉप टपाल खात्यात नोकरी करत करत लिहायचा. पहाटे टेबलावर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द, असा त्याचा हिशोब होता. पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचं वाचण्यात जायचा. या शिस्तीत त्याने ४७ कादंबऱ्या लिहिल्या. त्याचं आत्मचरित्र त्याच्या मरणानंतर, १८८३ साली आलं आणि त्यात हे घड्याळ सगळ्यांना दिसलं. त्यामुळे त्याची प्रतिष्ठा काहीशी घसरली असं म्हणतात, कारण कलावंताने घड्याळ लावून लिहावं हे रसिकांना रुचलं नाही. मला ट्रोलॉपचा वेग नको आहे, तो झेपणारही नाही. पण त्याची एक गोष्ट मी उचलली आहे. तो जे मोजत होता ते पूर्णपणे त्याच्या हातात होतं. २५० शब्द झाले की नाही हे ठरवायला दुसऱ्या कोणाची गरज नव्हती.

आपण काय मोजतो? किती जणांनी पाहिलं, किती जणांना आवडलं, किती जणांनी पुढे पाठवलं. यातलं काहीच आपल्या हातात नाही. फेसबुकवर 'लाइक'चं बटण आलं ते २००९ सालच्या फेब्रुवारीत. त्याआधी लोक लिहीतच होते, पण लिहून झाल्यावर काही क्षणांत आपल्या वाक्याला मिळालेले गुण दिसण्याची सोय नव्हती. नुसत्या गुणांना माझी हरकत नाही. हरकत आहे ती ते गुण दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत येऊन बसतात याला. कालच्या लेखाला प्रतिसाद थंड होता, आज हात जड. कालच्याला भरघोस होता, आज हात त्याहून जड, कारण आता तेवढंच चांगलं यायला हवं.

वाचकसंख्येचं वेड आजचं नाही, एवढाच त्यातला दिलासा. १७११ साली लंडनमध्ये जोसेफ ॲडिसन आणि रिचर्ड स्टील यांनी 'स्पेक्टेटर' नावाचं नियतकालिक सुरू केलं. रविवार सोडून रोज एक निबंध, आणि तोही बहुतेक वेळा एखाद्या किरकोळ दिसणाऱ्या विषयावर. त्या दोघांना आजच्या ऑनलाइन लेखकांचे पूर्वज म्हणायला मला आवडेल. तर दहाव्याच अंकात ॲडिसनने वाचकांपुढे हिशोब मांडला. प्रकाशक सांगतो की रोज तीन हजार प्रती जातात. एका प्रतीमागे वीस वाचक धरले तर झाले साठ हजार! आणि वीस हा आकडा आपण बेतानेच धरला आहे, असंही त्याने वर ऐकवलं. आकडे फुगवण्याच्या बाबतीत आम्ही फार पुढे गेलो असं वाटत होतं, ते काही खरं नाही.

आकडा फुगतो तेव्हा नेमकं काय होतं, ते मी एकदा जवळून पाहिलं. आजारी माणसाला भेटायला येऊन त्यालाच उपचार शिकवणाऱ्या पाहुण्यांवर मी एक हलकाफुलका लेख लिहिला होता. ज्यांच्या मागे प्रचंड मोठा गोतावळा आहे अशा कोणीतरी तो उचलला आणि दोन दिवस माझा फोन थांबेना. लोक हसले, लोक रागावले. काहींनी एकमेकांच्या नातेवाइकांना नावं न घेता टोमणे मारले. काहींनी लेखातली दोन वाक्यं कापून स्वतःच्या नावावर फिरवली. एका गृहस्थांनी तर मला आधुनिक वैद्यकाचा दलाल ठरवलं, आणि लगेच दुसऱ्या एकांनी आधुनिक वैद्यकाचा शत्रू. आठवड्याभरात सगळं ओसरलं.

ओसरल्यावर मी आजूबाजूला पाहिलं. त्या गर्दीतून माझ्या पुढच्या लेखापर्यंत कितीजण आले? हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके. बाकीचे बघे होते. रस्त्यात काही घडलं की थांबतात, मान उंच करून पाहतात, चुकचुकतात किंवा हसतात आणि निघून जातात, तसे. त्यात त्यांचा काही दोष नाही, मीही दिवसातून दहा ठिकाणी असाच थांबतो. फक्त त्यांना वाचक समजायचं नाही. पुढचे काही आठवडे बैठकीत मी एकटा नव्हतो, ते सगळे माझ्या खांद्यावरून डोकावत होते. कुठलाही विषय घेतला की मनात यायचं, हा चालेल का? यात पाहुणे नाहीत, यात कोणी चिडणार नाही. गर्दीची ही शिक्षा असते. अपयशाने माणूस बसायचा थांबतो हे सगळे सांगतात. यशाने तो बसतो पण दुसऱ्याच कोणाचं तरी लिहितो, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही.

आलेल्या त्या मोजक्या लोकांबद्दल मात्र सांगायला हवं. त्यातल्या एक बाई रुग्णालयात आयुष्य काढलेल्या होत्या. त्यांनी कळवलं की तुमचे विनोद ठीक आहेत, पण पाहुणे आल्याशिवाय रुग्ण जेवत नाही हेही आम्ही पाहिलं आहे, त्यावर लिहा. मी लिहिलं. तो लेख फार कोणी वाचला नाही आणि माझ्या लेखांतला मला आवडणारा तो एक आहे. दुसरे एकजण दर लेखाशी असहमत असतात आणि दर लेख वाचतात. अशी माणसं मिळाली की बैठकीत त्यांना बोलवायला हरकत नसते. बघ्यांसाठी लिहिताना आवाज चढतो. या बाईंसाठी लिहिताना मी दावा करण्याआधी थबकतो, कारण त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

सुरुवातीच्या काळात सगळ्यांना छळते ती शांतता. लिहिलं, टाकलं, आणि पलीकडे कोणी आहे की नाही याचा पत्ताच नाही. वेबवरच्या वापराचा अभ्यास करणारे याकोब निल्सन यांनी २००६ साली एक ठोकताळा मांडला होता. ऑनलाइन समूहांमध्ये साधारण ९० टक्के लोक नुसते वाचतात, ९ टक्के अधूनमधून काही म्हणतात आणि उरलेला १ टक्का सतत बोलत असतो. प्रमाण जागेनुसार बदलत असेल, पण दिशा खरी आहे. मी स्वतः ज्यांना वर्षानुवर्षं वाचतो त्यांतल्या बहुतेकांना एक ओळही कधी कळवलेली नाही. त्यांना वाटत असेल, गेला हा. आणि मी तर त्यांचं वाक्य कालच कोणाला तरी ऐकवलेलं असतं.

या शांततेचा एक मोठा फायदाही आहे, तो ती संपल्यावरच कळतो. कोणी वाचत नाही तोवर वाटेल ते करून पाहता येतं. आज गंभीर, उद्या टवाळ, परवा अगदी तांत्रिक. कोणी म्हणत नाही की तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. मोजके वाचक असतानाचा काळ मला सर्वांत चांगला वाटतो. अगदीच रिकाम्या खोलीत बोलतोय असं वाटत नाही आणि पाय घसरला तरी फार लोकांना दिसत नाही. नव्याने लिहिणारे याच काळातून बाहेर पडायची सर्वांत जास्त घाई करतात.

किती वाचक पुरेत, याला तंत्रज्ञानावर लिहिणारे अमेरिकी लेखक केव्हिन केली यांनी २००८ साली एक आकडा दिला आणि तो फार गाजला: हजार खरे चाहते. तुम्ही जे काही कराल ते विकत घेणारे हजारजण असले आणि प्रत्येकाने वर्षाला शंभर डॉलर तुमच्यावर खर्च केले तर कलावंताचं भागतं, असा हिशोब. लाखांच्या गर्दीमागे धावणाऱ्यांना त्याने जमिनीवर आणलं, हे चांगलंच झालं. पण तो पोटापाण्याचा हिशोब आहे. ज्याचं पोट दुसऱ्या कामावर भरतं त्याने हजारचाही धसका घ्यायचं कारण नाही. सातत्याने वाचणारी वीस-पंचवीस माणसं एखादी बैठक वर्षानुवर्षं जिवंत ठेवू शकतात.

ती माणसं आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने येतात, हे मात्र बघावं. जी वाट दुसऱ्याच्या मालकीची असते ती एक दिवस बंद होऊ शकते. याहूने २००९ साली जिओसिटीज ही फुकटात स्वतःची वेबपानं उभारू देणारी सेवा बंद केली आणि लोकांनी हौसेने उभी केलेली असंख्य पानं मूळ जागेवरून गेली. गूगलने १ जुलै २०१३ ला रीडर, म्हणजे आवडत्या ब्लॉगांवरचे नवे लेख एका जागी आणून दाखवणारी सोय, बंद केली, तेव्हा ज्यांचे वाचक त्या वाटेने येत होते त्यांची अनेक माणसं वाटेतच हरवली. आजच्या ठिकाणी आज कोणाला काय दाखवायचं हे यंत्र ठरवतं आणि उद्या ते वेगळं ठरवेल. त्यावर रागावून उपयोग नाही. आपल्या लेखांची प्रत आपल्याकडे असावी, आणि ज्यांना खरंच वाचायचं आहे त्यांचे ईमेल पत्ते त्यांच्या परवानगीने आपल्याकडे असावेत. एवढं केलं की बाकी जागा येतील-जातील. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून बहुतेकजण टाळतात.

जुन्या लेखांकडे लोक दुर्लक्ष करतात तेही मला पटत नाही. छापलेलं वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी रद्दीत जातं. ऑनलाइन लेख मात्र तिथेच पडून असतो आणि कधीतरी कोणीतरी रात्री दोन वाजता नेमकी तीच अडचण शोधत येतं. माझ्याकडे येणाऱ्या माणसांतला बराच मोठा हिस्सा अशा जुन्या लेखांवरच उतरतो, आणि ते लेख बहुधा मी फारशी अपेक्षा न ठेवता लिहिलेले असतात. एखादी गोष्ट मला नीट कळत नव्हती, ती कळून घेण्यासाठी लिहिलेले. म्हणून मी अधूनमधून मागे जाऊन जुन्या लेखांतली चुकलेली वर्षं, मोडलेले दुवे, ओशाळवाणी विशेषणं दुरुस्त करतो. विशेषणं सर्वांत जास्त निघतात.

खंड पडतोच. आजारपण येतं, कामाचा डोंगर येतो, कधी नुसतंच नको होतं. मग परतताना 'बरेच दिवस लिहिणं झालं नाही, त्याबद्दल क्षमस्व' असा एक लेख पाडायची पद्धत आहे. तो वाचकांना नको असतो. बहुतेकांच्या लक्षातही आलेलं नसतं की तुम्ही गायब होता, आणि ज्यांच्या आलं होतं त्यांना तुमच्या नव्या लेखात रस असतो, कारणांत नाही.

हे सगळं माझ्या एका मैत्रिणीला अजिबात मान्य नाही. ती रोज सकाळी फोनवरच लिहिते, रिक्षात, रांगेत, जिथे असेल तिथे. लिहून झालं की परत न वाचता लगेच टाकते. तिचं म्हणणं, लोक बघताहेत म्हणूनच मी लिहिते, कोणी बघत नसेल तर मी कशाला बसू? दार बंद करून लिहायला सांगितलंस तर मी झोपून जाईन. आकडे ती दिवसातून कितीदा बघते ते मी विचारत नाही. तिच्या लेखांत शुद्धलेखनाच्या चुका असतात, अर्धवट सोडलेले मुद्दे असतात आणि वाचताना समोर बसून बोलत असल्यासारखी ती दिसते. माझ्या बैठकीला ती 'सोवळ्यातलं लेखन' म्हणते. आमचा हा वाद जुना आहे आणि दर वेळी मी तिला बॉइसच्या प्रयोगातल्या त्या तिसऱ्या गटाबद्दल सांगतो. ती म्हणते, मग माझे वाचक म्हणजे तीच सक्ती झाली की. याला माझ्याकडे अजून नीट उत्तर नाही, आणि तिचे वाचक माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत.